पाट्यावरचे वाटण आणि पाटीवरचा भाव

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर खेड-शिवापूर आणि नसरापूर मागे टाकले की कापूरहोळ लागते. येथून एक रस्ता उजवीकडे भोरला जातो आणि दुसरा डावीकडे नारायणपूर-सासवडला. केतकावळ्याच्या बालाजीचे भाविक, पुरंदरावर जाणारे हौशी तरुण, कोल्हापूरकडे निघालेली मोटारीतील कुटुंबे या सर्वांच्या भुकेवर या परिसरातील हॉटेले चालतात. अलीकडे या मार्गावरील, किंबहुना महाराष्ट्रातील बहुतेक सर्व मोठ्या मार्गांवरील खानावळींच्या पाट्या एकाच भाषेत बोलू लागल्या आहेत. 'चुलीवरचे मटण', 'पाट्यावर वाटलेला मसाला', 'हातावरची भाकरी' ही ती भाषा. ज्या वस्तू कालपर्यंत दारिद्र्याच्या खुणा होत्या त्या आज अधिक दराच्या खुणा झाल्या आहेत. चूल, पाटा आणि बाईचा हात या तिन्ही गोष्टींना बाजारात भाव आला आहे. प्रश्न एवढाच की तो भाव कोणाच्या पदरात पडतो.

हा विषय किरकोळ आहे, पक्षाच्या साप्ताहिकाने वाटणाघाटणाची चर्चा काय म्हणून करावी, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु हात आणि यंत्र यांचा झगडा हा समाजवादी चळवळीचा फार जुना प्रश्न आहे, आणि तो गिरणीच्या सांच्यावर जसा दिसतो तसाच स्वयंपाकघरातही दिसतो. आपल्यातही याबाबत दोन तट आहेत. गांधीविचारातून आलेल्या मंडळींना हातकाम म्हटले की आनंद होतो. मार्क्सविचारातून आलेल्यांना यंत्र म्हटले की प्रगती दिसते. हे दोन्ही तट साधनाकडे पाहतात. साधन कोणाच्या मालकीचे, ते वापरणारीला 'नको' म्हणण्याची मुभा आहे काय, आणि त्यातून निघणारा वरकड कोणाकडे जातो, हे तीन प्रश्न मात्र पुष्कळदा विचारायचे राहून जातात.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हाताच्या आणि यंत्राच्या कामातील फरक हा नुसता भावनेचा खेळ नाही. मिक्सरचे पाते अतिवेगाने फिरते; ते जिन्नस कापते आणि त्याला तापवते. वरवंटा सावकाश चिरडतो. खोबऱ्याचे आणि तिळाचे तेल सुटते, वाटण एकजीव होते आणि पाणी कमी लागते. खिम्याचेही तसेच. खाटीक सुऱ्याने मांस तोडतो तेव्हा त्याचा पोत टिकतो. यंत्राच्या चाळणीतून दाबून काढले की चरबी आणि मांस यांचा लगदा होतो. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत डुकराच्या मांसाच्या कालवणाला जो 'बॉटल मसाला' लागतो, तो उन्हाळ्यात बायकांकडून लाकडी उखळात कांडून घेण्याची रीत होती. कांडणाऱ्या बायका घरोघर जात, मुसळे एका तालात पडत, आणि मसाला बाटल्यांत ठासून वर्षभरासाठी ठेवला जाई. त्या मसाल्याची चव गिरणीच्या मसाल्याला येत नाही असे जाणकार सांगतात, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही.

चवीच्या पलीकडेही फरक असतो. भोर-वेल्ह्याचे डोंगरी खोरे हे भाताचे खोरे आहे, म्हणून येथील वाचकांना तांदळाचे उदाहरण सहज पटेल. हाताने सडलेल्या तांदळावर कोंड्याचा पातळ थर शिल्लक राहतो. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर तो राहत नाही. डच अमलाखालील जावा बेटात ख्रिस्तिआन आइकमान या वैद्याने १८९०च्या दशकात दाखवून दिले, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार जडतो आणि कोंडा दिला की तो बरा होतो. जीवनसत्त्वांच्या शोधाकडे नेणाऱ्या या कामाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे 'हातसडी' हा शब्द केवळ जुन्याच्या हौसेचा शब्द नव्हता. त्यामागे शरीरशास्त्र होते.

असे असूनही हातसडी का गेली? तिला संरक्षण मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. १९३४ साली गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम अंगावर घेतले, आणि हातसडीचा तांदूळ व जात्यावरचे पीठ हे त्या संघाच्या कार्यक्रमात अग्रभागी होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी १९५५ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष प्रा. द. गो. कर्वे होते. पर्यायी काम निर्माण होण्यापूर्वी यंत्राने हाताचे काम हिरावू नये, हे या समितीच्या विचाराचे सूत्र होते. १९५८ साली केंद्राने तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला. नव्या गिरणीला परवाना देण्यापूर्वी तिच्यामुळे परिसरात बेकारी माजेल काय याचा विचार व्हावा, अशी तरतूद त्यात होती. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. परंतु कायदा जाण्याच्या कितीतरी आधीच खेड्यातील उखळ कोपऱ्यात जाऊन पडले होते.

या इतिहासातून निघणारा धडा कडवट आहे. कायद्याने उखळ राखण्याचा यत्न केला. मुसळ धरणाऱ्या बाईची मजुरी राखण्याचा यत्न तितक्या नेटाने कोणी केला नाही. सडण-कांडण हे मजुरीच्या उतरंडीत तळाशी असलेले काम होते. ज्या कामात पाठ मोडते आणि पोट भरत नाही, ते काम टिकविण्यासाठी बाईने आपले आयुष्य का घालवावे? तिने ते सोडले आणि कोणाची परवानगी मागितली नाही. आता तोच हातसडीचा तांदूळ शहरातील दुकानांत आकर्षक पिशवीत, गिरणीच्या तांदळाहून चढ्या दराने विकला जातो. श्रम स्वस्त होते तोवर ते गावात राहिले. श्रमाला किंमत आली तेव्हा ती दुकानात जमा झाली.

जात्याची कथा याहून बोलकी आहे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांपासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मराठी स्त्रीच्या मनाचा एवढा मोठा दस्तऐवज दुसरा नाही. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे; आणि कष्टांचे गाऱ्हाणेही आहे. पिठाची गिरणी गावात आली आणि ओवीचा प्रसंगच संपला. या हानीबद्दल हळहळणारे लेख आपण वाचले आहेत. परंतु पहाटे तीनला उठून दळायला बसणाऱ्या बाईला तिच्या ओवीसाठी पुन्हा जात्यावर बसविण्याची सूचना आजवर कोणीही केलेली नाही, आणि करूही नये. ओवी ही तिची निर्मिती होती; दळण हे तिच्यावर लादलेले होते. या दोहोंची फारकत करता येत नसेल तर संस्कृतीच्या नावाने आपण सक्तीचेच गोडवे गातो आहोत असे होईल.

येथे अर्थशास्त्रातील एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यावाचून चर्चा घसरते. घरातील बिनमजुरीच्या कामात यंत्र आले तर वाचलेला वेळ त्या बाईचा असतो. निदान तिचा होण्याची शक्यता असते. मजुरीच्या कामात यंत्र आले तर वाचलेला वेळ मालकाचा असतो, आणि बाईच्या वाट्याला येते ती रिकामी बसण्याची पाळी. यंत्र एकच, परिणाम दोन. डेव्हिड रिकार्डोसारख्या भांडवलशाहीच्या शास्त्रकारालाही आपल्या ग्रंथाच्या १८२१च्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवे प्रकरण घालून, यंत्राने मजुराचे अहित होऊ शकते, हे मान्य करावे लागले. मार्क्सने पुढे जाऊन सांगितले की दोष यंत्राचा नाही, त्याच्या भांडवली उपयोगाचा आहे. गांधीजींनाही सरसकट यंत्रविरोधी म्हणणे हा अन्याय आहे. १९२४ साली त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून केला होता, कारण त्यामागे स्वतःच्या पत्नीचे कष्ट वाचविण्याची तळमळ त्यांना दिसली. आणि डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा जो आग्रह धरला, त्याचा अर्थ हाच होता की यंत्र असावे, परंतु ते माणसाच्या आवाक्यात आणि गावाच्या मालकीत राहील इतके असावे. स्वयंपाकघरातील धुरात डोळे गमावणारी बाई हा राजकारणाचा विषय आहे, हेही लोहियांनीच आपल्याला शिकविले.

दूरच्या देशाकडे पाहिले तरी चित्र निराळे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डुकराचे मांस मंद विस्तवावर कित्येक तास भाजतात आणि मग त्याचे धागे बोटांनी किंवा काट्यांनी उसवतात. त्याला 'बार्बेक्यू' म्हणतात. हे उसवण्याचे काम हातानेच करावे की भोके पाडण्याच्या विजेच्या यंत्राला अवजार जोडून मिनिटभरात उरकावे, यावर तेथील शौकीन हिरिरीने वाद घालतात. वाद चवीचा आहे आणि तो त्यांनी खुशाल घालावा. परंतु त्या पाककृतीचा इतिहास पाहिला तर मळ्यांवर खड्डे खणणारे, रात्रभर विस्तव सांभाळणारे आणि मांस उसवणारे हात प्रायः कृष्णवर्णीय गुलामांचे होते, आणि मेजवानीचे यश मात्र मळेवाल्याच्या नावावर जमा होत असे.

त्याच देशात शिकागोच्या कत्तलखान्यांत मांसाचे काम इतक्या बारीक तुकड्यांत विभागले गेले, की हलत्या साखळीवरून जनावराचे धड पुढे सरके आणि प्रत्येक कामगार एकच घाव घाली. हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्याने जुळणीच्या साखळीची कल्पना तेथूनच उचलली. तेथे हातात सुरी होती, विजेचे अवजार नव्हते. तरीही माणूस यंत्राचा भाग झाला. अप्टन सिंक्लेअर यांनी या कामगारांची दैना आपल्या कादंबरीत मांडली. ती १९०५ साली प्रथम एका समाजवादी साप्ताहिकातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. परिणाम काय झाला? १९०६ साली मांस-तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. ग्राहकाच्या पोटाची काळजी घेतली गेली. कामगाराच्या बोटांची घेतली गेली नाही. आपण लोकांच्या हृदयावर नेम धरला आणि तो पोटाला लागला, अशी खंत लेखकाने पुढे बोलून दाखविली. कापूरहोळच्या पाटीसमोर गाडी थांबविणाऱ्या ग्राहकाचे लक्षही असेच पोटापाशी थांबते.

आता हिशेब मांडू. उदाहरणादाखल असे समजा, की पाट्यावरच्या वाटणाची आणि चुलीची जाहिरात केल्यामुळे हॉटेलमालकाला एका ताटामागे चाळीस रुपये अधिक मिळतात आणि रविवारी शंभर ताटे जातात. म्हणजे चार हजार रुपये हे निव्वळ 'हाता'चे रुपये झाले. ते मिळवून देणाऱ्या दोघी-तिघी बायका दिवसभर वाकून वाटतात. मिरचीने त्यांच्या हातांची आग होते, खांदे भरून येतात, चुलीचा धूर डोळ्यांत जातो. त्या चार हजारांतील किती त्यांच्याकडे येतात? त्यांची मजुरी ठरते ती 'मोलकरणीचे काम' या भावाने. पाटीवरच्या भावाशी तिचा काही संबंध नसतो. कसब विकले जाते आणि मजुरी बिनकसबाची दिली जाते. यालाच वरकड मूल्याची वसुली म्हणतात, आणि ती समजण्यासाठी जाड ग्रंथ चाळण्याची गरज नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. १९४८च्या किमान वेतन कायद्यापासून २०१९च्या वेतनसंहितेपर्यंत किमान मजुरीचे तत्त्व देशाने मान्य केलेले आहे, आणि खानावळीतील काम त्यातून सुटत नाही. परंतु महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याची मुख्य बंधने ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होतात. त्याहून लहान धंद्याने नुसती सूचना दिली की भागते. रस्त्याकडेच्या कितीतरी खानावळी या मर्यादेच्या आत बसतात, किंवा बसविल्या जातात. तेव्हा कामाचे तास, सुट्टी आणि हजेरीपट हे शब्द त्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतच नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. मजुरी वाढवून मागितली तर मालक उद्या मिक्सर आणील आणि बाई घरी बसेल. मग तुमच्या चळवळीने तिचे काय भले केले? यंत्राच्या धाकाने मजुरी दाबून ठेवणे ही भांडवलाची जुनीच रीत आहे, आणि सर्वसाधारण धंद्यात या आक्षेपाला सोपे उत्तर नाही. परंतु येथे परिस्थिती थोडी वेगळी आहे. या मालकाने हात विकायला काढला आहे, आणि तेही पाटी लावून. मिक्सर आणला तर पाटी उतरवावी लागेल आणि पाटीबरोबर चढा दरही उतरेल. पाटी तशीच ठेवून आत मिक्सर फिरविला, तर ती २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. म्हणजे जी पाटी आज बाईच्या श्रमाचे भांडवल करते, तीच तिच्या सौदाशक्तीचे साधन होऊ शकते. एकटीने हे जमणार नाही. फाट्यावरच्या सगळ्या खानावळींतील बायका एकत्र बसल्या तर जमेल.

एकत्र येण्याची परंपरा आपल्याकडे नाही काय? १९५९ साली गिरगावातील सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जतची संस्था उभी राहिली. तेथे पापड आजही हाताने लाटला जातो, परंतु लाटणारी ही संस्थेची सभासद आणि मालक असते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेले. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' चालविली. तेथे ना नफ्याची पाटी होती ना हाताचे कौतुक, होते ते कष्टकऱ्याला परवडणारे ताट. आणि १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी लाटणे हेच आपले शस्त्र केले होते. स्वयंपाकघरातील अवजाराचा राजकीय अर्थ महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

सहकार म्हटला की शोषण संपले असे मात्र समजू नये. आपल्या साखर कारखान्यांनी उसाच्या शेतकऱ्याला सभासद केले आणि कोयता चालविणाऱ्या तोडणी मजुराला फाटकाबाहेर ठेवले. आता ऊस तोडणारी यंत्रे येत आहेत आणि त्या यंत्रांच्या मालकीतही त्या मजुराचे नाव नाही. म्हणून जो हात काम करतो त्याचे नाव सभासदांच्या नोंदवहीत असले पाहिजे, ही अट कोणत्याही संस्थेच्या बाबतीत पहिली असावी.

यंत्राला नकार देण्याचे कारण नाही; त्याची निवड करण्याचे कारण आहे. दगडाचा रूळ विजेवर फिरविणारे वाटणयंत्र आहे. त्यात दगड राहतो आणि कंबर वाचते. मसाला कांडणारी डंकी आहे. ती मुसळाचेच काम करते. अशी यंत्रे बचतगटाच्या मालकीची झाली आणि खानावळींनी वाटण तेथून दराने विकत घेतले, तर बाई मजूर न राहता विक्रेती होते. मात्र यंत्र आले की सुरक्षितता आली पाहिजे. मळणीयंत्रांत हात गमावलेल्या मजुरांमुळे १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, हे विसरू नये. खिम्याच्या यंत्रात मांस बोटांनी लोटणाऱ्या पोऱ्याला या कायद्याची इतिहासकथा ठाऊक नसते, बोट मात्र त्याचे असते.

भोर-वेल्ह्याच्या कार्यकर्त्यांपुढे तेव्हा काम स्पष्ट आहे. कापूरहोळपासून शिरवळपर्यंतच्या खानावळींत किती बायका वाटण-भाकरी करतात, किती तास करतात आणि काय मिळवितात, याची साधी पाहणी प्रथम करावी. ती करताना मालकाच्या गल्ल्यापाशी न बसता मागच्या दाराने जावे. पाट्यावरच्या आणि चुलीवरच्या कामाला कसबी कामाचा दर मागावा. जेथे पाटा राहणार आहे तेथे तो जमिनीवरून ओट्यावर यावा, चुलीवर धुराडे असावे, एकीनेच दिवसभर न वाटता पाळ्या असाव्यात. या मागण्यांना फार पैसा लागत नाही. आणि पुण्याहून येणाऱ्या आपल्या सहानुभूतीदार मित्रांनी ताट मागविताना 'मसाला पाट्यावरचा आहे ना?' या प्रश्नापाठोपाठ 'वाटणाऱ्या बाईंना दिवसाचे काय देता?' हाही प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मालकाला तोंडपाठ आहे. दुसऱ्याचे उत्तर तयार ठेवणे त्याला भाग पडेल इतक्या वेळा तो विचारला गेला पाहिजे.